परात, पागोळी आणि नान्नजचा लांडगा

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. 1979 साली माळढोकासाठी राखलेला हा माळ. आता माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालंय, पण काळवीट, लांडगे, खोकड आणि नाना तऱ्हेचे चंडोल अजून इथे आहेत. सोलापुरात कॅमेरा हातात घेतलेला माणूस आज ना उद्या या माळावर येतोच. आणि हल्ली त्यातला कुणी ना कुणी विचारतो, "मिडियम फॉरमॅट घेतला तर संध्याकाळचा लांडगा चांगला येईल का?" (मिडियम फॉरमॅट म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर नेहमीपेक्षा मोठा असलेला कॅमेरा.)

प्रश्न मनापासूनचा असतो, कारण लांडगा दिसतो तो नेमका उजेड संपताना. भर दुपारी माळावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). सूर्य मावळताना तो चारशेच्या आसपास येतो आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत तीन-चार लक्सवर घसरतो. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून आपली तिन्हीसांज इतकी आखूड. लांडगा बांधावरून उतरतो तो याच वीस मिनिटांत.

मोठ्या सेन्सरची ओढ का वाटते ते आधी पाहू. नेहमीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. फुजीफिल्मच्या जीएफएक्स किंवा हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतल्या मिडियम फॉरमॅटचा साधारण 44 बाय 33 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ 1.67 पट. (जुन्या स्टुडिओंत लग्नाचे फोटो ज्या 120 रोलवर निघायचे, त्याच्या चौकटीपेक्षा हा सेन्सर लहानच आहे, पण नाव तेच राहिलं.)

अंधारातल्या फोटोत जो रवाळपणा दिसतो, त्यातला मोठा भाग कॅमेऱ्याचा दोष नसतो. तो प्रकाशाचाच स्वभाव आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात, पावसाच्या थेंबांसारखा, कमीजास्त पडतो. एका ठिपक्यावर सरासरी 100 फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्षात कुठे 90, कुठे 110. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. शंभराला दहा, म्हणजे दहा टक्के. दहा हजारांना शंभर, म्हणजे अवघा एक टक्का. फोटॉन जास्त जमले की चित्र शांत होतं.

अंगणात पाऊस पडत असेल तर वाटीपेक्षा परातीत जास्त पाणी जमेल, हे उघड आहे. तोच एफ नंबर (लेन्सची फोकल लांबी भागिले तिच्या तोंडाची उघडीप) आणि तोच शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) ठेवला, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश 1.67 पट जमतो. छायाचित्रकारांच्या भाषेत पाऊण स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

पण लांडग्याचा प्रकाश अंगणभर पडणाऱ्या पावसासारखा येत नाही. तो पत्र्याच्या कडेवरून पडणाऱ्या पागोळीच्या एकाच धारेसारखा येतो. धार मधोमध पडत असेल, तर खाली वाटी ठेवा की परात, पाणी तेवढंच जमणार.

आकडेच मांडून पाहू. लांडगा अंगाने साधारण एक मीटर लांब आणि उभा आहे शंभर मीटरवर. 500 मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर पाच मिलिमीटरची पडते. सेन्सर लहान असो वा मोठा, पाचच. मोठ्या सेन्सरवर त्याच्या भोवती गवत तेवढं जास्त येतं. 102 मेगापिक्सेलचा मिडियम फॉरमॅट आणि 61 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम या दोघांचा पिक्सेल तर 3.76 मायक्रोमीटरचाच आहे. म्हणजे लांडग्याच्या वाट्याला दोन्हीकडे सुमारे 1330 पिक्सेल, आणि फोटॉनही जवळपास तितकेच.

मग लांडग्याचा प्रकाश वाढवायचा कुठून? लेन्सच्या तोंडातून. 500 मिलिमीटर एफ/5.6 लेन्सची उघडीप सुमारे 89 मिलिमीटर. जीएफएक्ससाठी 2024 मध्ये आलेली सर्वांत लांब लेन्स हीच. फुल फ्रेमला मात्र 600 मिलिमीटर एफ/4 लेन्स मिळते, तिची उघडीप 150 मिलिमीटर. त्याच लांडग्याकडून ती 2.8 पट प्रकाश गोळा करते. सेन्सरने दिलेला पाऊण स्टॉप काचेने केव्हाच मागे टाकला. माझं स्पष्ट मत आहे, दूरच्या जनावरासाठी पैसे असतील तर ते काचेत घाला.

दुसरी अडचण हालचालीची. लांडगा दुडक्या चालीने सेकंदाला अडीच मीटर जातो असं धरा. सेकंदाच्या साठाव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकतो, आणि वरच्याच हिशोबाने सेन्सरवर त्याची प्रतिमा पन्नासेक पिक्सेल पुसली जाते. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, लांडग्याचे पाय नाही. एक हजारावा भाग ठेवला तर पुसटपणा तीन पिक्सेलवर येतो, पण उजेडही सतरा पटींनी घटतो. संधिप्रकाशातली सगळी झटापट या दोन आकड्यांमध्ये आहे.

आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावं, तर मोठा सेन्सर वाचायला वेळ लागतो. ओळीमागून ओळ वाचली जाते आणि तेवढ्यात जनावर पुढे गेलेलं असतं. हे घरी बघायचं असेल तर फिरत्या पंख्याचा मोबाइलने फोटो काढा. पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतील. शंभर मेगापिक्सेलच्या मिडियम फॉरमॅटमध्ये हे वाचन मोबाइलपेक्षाही सावकाश चालतं. उधळलेल्या काळविटाचे पाय तिरपे आलेले मी स्वतःच्या फोटोत पाहिलेत आणि ते कशानेही सरळ होत नाहीत. अशा वेळी मेकॅनिकल शटरच लावावं, थोडा खटका झाला तरी. फोकसची गोष्ट मात्र सुधारली आहे. 2019 च्या जीएफएक्स 100 पासून फेज डिटेक्शन, म्हणजे झटकन फोकस पकडणारी पद्धत, आली आणि 2023 च्या जीएफएक्स 100 टूमध्ये प्राणी ओळखून फोकस धरण्याची सोय झाली.

मग हा कॅमेरा माळावर न्यायचाच नाही का? न्यायचा, आणि मी आनंदाने नेतो. फक्त लांडग्याच्या मागे धावायला नाही.

माळाचं सौंदर्य एकट्या जनावरात नाही. गुडघाभर पिवळं कुसळी गवत, त्यापलीकडे कुणाच्या तरी शाळूच्या रानाची हिरवी पट्टी, क्षितिजावर एखादं बाभळीचं झाड आणि मध्ये वीस-बावीस काळविटांचा कळप. इथे चित्राची चौकट काठोकाठ भरलेली असते. पाऊस अंगणभर पडत असतो आणि परातीचा प्रत्येक इंच कामाला येतो. मावळतीचं पिवळं-जांभळं आकाश आणि गवताच्या बुंध्याशी साचलेला अंधार, दोन्ही एकाच फाइलमध्ये तपशिलासह राहतात. शिवाय उभ्या कळपाला हजारावा भाग लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मित्राचा मिडियम फॉरमॅट दोन दिवस माझ्याकडे होता. गाडीच्या खिडकीवर ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवली, तिच्यात लेन्स नीट रुतवली, इंजिन बंद केलं. सूर्य बुडून सात-आठ मिनिटं झाली होती. काळा नर मान वर करून आमच्याकडे बघत थांबला, माद्या चरत राहिल्या. शटर तिसावा भाग, लागोपाठ सहा फोटो. दोन हलले, चार स्थिर आले.

त्यातल्या एकाची तीन फूट रुंद प्रिंट काढून आणली. रुंदीत 11,648 पिक्सेल असल्याने तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, ती सहज निघाली. आईने चष्मा लावून ती अगदी जवळून पाहिली. नराकडे तिचं लक्षच गेलं नाही. कोपऱ्यातल्या गवतावर बोट ठेवून म्हणाली, "ही कुसळं बघ, लुगड्याला चिकटली की दिवसभर काढत बसायचो आम्ही."