जुन्या कॉलमची ताकद हातोड्यावर ठरते का?

स्ट्रक्चरल ऑडिट सुरू झालं की सोसायटीत पहिला आवाज येतो तो प्लास्टर फोडल्याचा. पार्किंगमधल्या कॉलमवर वहीच्या पानाएवढा भाग उघडा करतात, कार्बोरंडमच्या दगडाने घासून गुळगुळीत करतात आणि एक जाडसर नळकांडं काटकोनात टेकवून दाबतात. आत स्प्रिंगवरचं वजन सुटतं, ‘ठक्’ होतं आणि पट्टीवरचा काटा ३८ वर थांबतो. दोन बोटं जागा सोडून पुन्हा ठक्. असे सहा ठोके, त्यांची सरासरी, मग तक्ता. अहवालात त्या कॉलमपुढे काँक्रीटची ताकद म्हणून एक आकडा येतो.

हे उपकरण म्हणजे रिबाउंड हॅमर. अर्न्स्ट श्मिट या स्विस इंजिनिअरने गेल्या शतकाच्या मध्यावर ते बनवलं. पृष्ठभाग जितका कठीण, तितकं वजन जास्त उसळतं, एवढंच त्याचं तत्त्व. म्हणजे हॅमर मोजतो ती उसळी. ताकद तिच्यावरून अंदाजाने काढायची. काम स्वस्त आहे, झटपट होतं, आणि कुठला कॉलम बाकीच्यांपेक्षा कमकुवत आहे हे शोधायला फार उपयोगी पडतं. पण हॅमरला कळते ती फक्त वरची दोन-तीन सेंटिमीटरची साल. आपल्या १९९२च्या भारतीय मानकातच म्हटलं होतं, की हा अंदाज २५ टक्के इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो.

जुन्या इमारतीत तर ही सालच फसवते. जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा वर्षानुवर्षं हवा खाऊन कसा दगडासारखा घट्ट होतो, आठवतंय? काँक्रीटमध्येही तेच घडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, सिमेंटमधल्या चुन्याशी त्याची क्रिया होते आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. साल टणक होते, हॅमर जोरात उसळतो. टोकाच्या परिस्थितीत ताकद ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते, असा इशारा त्याच मानकात होता. एम १५चा, म्हणजे चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन ताकदीचा, कॉलम कागदावर एम २० म्हणून सहज खपेल.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक थर टिकतो आणि गंज धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या या क्रियेने, म्हणजे कार्बोनेशनने, सामू नऊच्या आसपास उतरला की हे संरक्षण संपतं. मग ओल मिळाली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आतून फुटतं आणि पोपडे पडतात. म्हणजे ज्या बदलामुळे हॅमरचा आकडा वाढतो, त्याच बदलामुळे सळई उघडी पडते. जुन्या इमारतीचं ऑडिट नुसत्या हॅमरवर उरकणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

ही साल किती खोल गेली ते मोजायला फार खर्च येत नाही. काँक्रीटचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर फिनॉल्फथॅलीनचं द्रावण फवारायचं. शाबूत भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला भाग राखाडीच राहतो. पट्टी लावायची. गुलाबी रंग ३५ मिलिमीटरवर सुरू होत असेल आणि सळई २५ मिलिमीटरवर असेल, तर त्या सळईभोवतीचं कवच गेलंय.

आतल्या पोकळ्या आणि भेगा अल्ट्रासॉनिक चाचणीत कळतात. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब टेकवायचे आणि ध्वनीला आरपार जायला किती मायक्रोसेकंद लागतात ते बघायचं. त्याच १९९२च्या मानकानुसार वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद मानलं जायचं. इथेही सावध राहावं लागतं. ओलसर काँक्रीटमधून ध्वनी जास्त वेगाने जातो, आणि वाटेत सळई आली तरी वेग वाढतो.

ताकद थेट मोजायची तर कोअरच काढावा लागतो. आधी रीबार लोकेटरने सळया शोधून खुणा करायच्या, मग हिऱ्याच्या बिटने, पाणी सोडत, काँक्रीटचा दंडगोल कापून काढायचा. खडी २० मिलिमीटरची असेल तर कोअरचा व्यास निदान ६० मिलिमीटर हवा. समजा ७० मिलिमीटर व्यासाचा आणि १४० मिलिमीटर उंचीचा कोअर ५० किलोन्यूटन भाराला फुटला. क्षेत्रफळ ३,८४८ चौरस मिलिमीटर, म्हणून ताकद १३. काँक्रीटची ताकद ठरते ती चाचणीच्या ठोकळ्यावर, म्हणजे क्यूबवर; म्हणून दंडगोलावरून क्यूबची ताकद काढायला १.२५ने गुणायचं: सुमारे १६.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम २०साठी हे आकडे १७ आणि १५ होतात. आपला हा एकटा कोअर तरतो, पण तिन्ही असेच निघाले तर सरासरी कमी पडते.

‘आधीच जुना कॉलम, त्यात भोक कशाला?’ हा प्रश्न सोसायटीच्या सभेत येतोच, आणि तो रास्त आहे. जागा इंजिनिअरने निवडली, सळई तुटली नाही आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) लगेच भरलं, तर कॉलमला धोका होत नाही. उलट हॅमरचे आकडे याच कोअरशी ताडून बघता येतात, मग बाकीच्या कॉलमवरचे ठोकेही जास्त विश्वासाचे होतात.

आपल्याकडे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. पण नुसत्या वयावर विसंबू नये. ऑगस्ट २०२०मध्ये महाडला कोसळलेली तारिक गार्डन जुनी म्हणावी अशी इमारत नव्हतीच. दुसऱ्या टोकाला, मुंबईत इमारत सी १, म्हणजे अतिधोकादायक, ठरली की ती रिकामी करून पाडायची असते, आणि माणसं आयुष्यभराचं घर सोडतात. दोन्हीकडे एका आकड्यावर एवढं अवलंबून असतं, तर कोअर कुठल्या मजल्यावरचे, किती आणि कोणत्या कॉलममधले, हे अहवाल हातात आल्याबरोबर विचारावं.

जमलं तर कोअर लॅबला जाण्याआधी स्वतः हातात घेऊन बघावा. खडी सगळीकडे सारखी पसरलीय की एका बाजूला नुसतं सिमेंटचं पाणी गोठलंय, मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं आहेत का, नख ओढलं तर वाळू सुटते का, हे इंजिनिअर नसलेल्या माणसालाही दिसतं.