जात्याचे १३२ फोटो

पितळी तांब्याचे ८० फोटो काढले, लॅपटॉपला रात्रभर कामाला जुंपलं आणि सकाळी स्क्रीनवर कांदाभजं उगवलं. काठ वितळलेला, पोटाला भोकं, आणि खिडकीचं प्रतिबिंब धातूच्या आत चांगलं बोटभर रुतून बसलेलं. तांब्या मी आदल्या दिवशी चिंच लावून लख्ख घासला होता. घोळ तिथेच झाला.

एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढायचे आणि त्यांवरून संगणकात तिची त्रिमितीय प्रतिकृती उभी करायची, या तंत्राला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. हल्लीच्या व्हिडिओ गेममधले खडक, झाडांचे बुंधे, पडक्या भिंती यांतलं बरंच काही कुणी शून्यातून घडवलेलं नसतं. कुठल्या तरी खऱ्या खडकाभोवती कुणी तरी कॅमेरा घेऊन फिरलेलं असतं.

तंत्र गेमपेक्षा फार जुनं आहे. १८५८ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद वेट्झलरच्या कॅथेड्रलची मापं घेत होता आणि वरून पडता पडता वाचला. मापं घेण्यापायी जीव कशाला घालवायचा, ती फोटोवरून का घेऊ नयेत, असं त्याच्या मनात आलं. ‘फोटोग्रॅमेट्री’ हा शब्दही त्यानेच रूढ केला. तो १८६७ साली छापून आला.

मूळ कल्पना आपल्या डोळ्यांतच आहे. हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान. किती उडी मारली यावरून तो किती लांब आहे हे काढता येतं. कॅमेऱ्याला डोळा एकच असतो, म्हणून त्याला जागा बदलावी लागते. नवखे लोक इथेच फसतात. एका जागी उभं राहून कॅमेरा नुसता गरागरा फिरवला तर अंगठा उडी मारतच नाही आणि शंभर फोटोंमधूनही खोली कळत नाही. वस्तूभोवती चालावं लागतं, देवळात मूर्तीला प्रदक्षिणा घालतो तसं.

तांब्यानंतर मी गेममध्ये ठेवायला आजोळच्या पडवीतलं जातं धरलं. काळा कातळ, वर्षानुवर्षं टाकी लावून लावून खडबडीत झालेला. तीन प्रदक्षिणा घातल्या. एक उभ्याने, एक कमरेत वाकून, एक उकिडवं बसून. प्रत्येक दोन पावलांवर एक फोटो, आणि शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सारखा येईल अशा बेताने. एकूण १३२. मामी दारातून बघत होती. म्हणाली, “अगं, जात्याचं लग्न ठरवायचंय का? एवढे फोटो तुझे नव्हते काढले.”

जातं का जमलं आणि तांब्या का फसला, हे सॉफ्टवेअर कसं बघतं ते कळलं की उलगडतं. वस्तू म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. ते प्रत्येक फोटोत ओळखू येतील असे ठिपके शोधतं. टाकीचा एक घाव, त्याच्या शेजारचा पांढुरका कण, तोंडाजवळचा टवका. कॅनडातले डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘सिफ्ट’ ही रीत यात मैलाचा दगड ठरली. फोटो तिरका असो, लांबून काढलेला असो किंवा जरा अंधारा, तोच ठिपका पुन्हा ओळखता यावा अशी त्याची खूण ती तयार करते. जात्यावर अशा खुणा हजारोंनी असतात, आणि टाकीचे दोन घाव कधी एकसारखे नसतात. तांब्यावर मात्र खुणा म्हणजे नुसती चकाकी. मी एक पाऊल सरकले की चकाकीही सरकते. जो ठिपका पृष्ठभागावर नाहीच त्याची जागा सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे मोजतं, आणि खिडकी धातूच्या आत जाऊन बसते. वर पावडरचा हलका थर मारला असता तर तांब्याचंही जमलं असतं. तसं करतातही, फक्त जुन्या मौल्यवान वस्तूंवर करू नये.

आता खरी गोम. ठिपका कुठे आहे हे काढायला कॅमेरा कुठे होता ते माहीत हवं. कॅमेरा कुठे होता हे काढायला ठिपके कुठे आहेत ते माहीत हवं. मी तर फोन घेऊन पडवीभर फिरत होते, जागा कुणी लिहून ठेवल्या? सॉफ्टवेअर दोन्हींचा आधी कच्चा अंदाज बांधतं. मग त्या अंदाजाप्रमाणे प्रत्येक ठिपका प्रत्येक फोटोत कुठे दिसायला हवा होता आणि प्रत्यक्षात कुठे दिसला, यातला फरक मोजतं. सगळे कॅमेरे आणि सगळे ठिपके एकाच वेळी थोडे थोडे सरकवून फरकांची एकूण गोळाबेरीज कमीत कमी होईपर्यंत ते थांबत नाही. हे गणित डुएन ब्राउन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या कामासाठी मांडलं. त्याचं इंग्रजी नाव ‘बंडल अ‍ॅडजस्टमेंट’, आणि यातलं बंडल म्हणजे किरणांची जुडी. प्रत्येक कॅमेऱ्यातून निघालेली किरणांची एक जुडी, कोथिंबिरीसारखी, आणि अशा १३२ जुड्या एकमेकींशी जुळवून घ्यायच्या.

या गणिताची गंमत म्हणजे जे जुळत नाही ते ते बाजूला सारतं. निदान ४० फोटोंत मामीची कोंबडी होती, दर वेळी वेगळ्या जागी. मॉडेलमध्ये तिचा मागमूस नाही. फक्त जमिनीवर एके ठिकाणी तांबूस डाग राहिला आहे. ती तिथे बराच वेळ दाणे टिपत होती.

एक गोष्ट मात्र हे गणित कधीच सांगू शकत नाही, ती म्हणजे वस्तू खरोखर केवढी आहे. भातुकलीतली कढई जवळून आणि लग्नातली कढई लांबून काढली तर फोटो सारखेच येतात. माझं जातं पहिल्यांदा गेममध्ये ठेवलं तेव्हा ते तीन मजली घराएवढं होतं. म्हणून वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवायची आणि तिच्यावरून सॉफ्टवेअरला माप द्यायचं.

नंतरचा भाग लॅपटॉपच्या घामाचा. जुळलेल्या कॅमेऱ्यांवरून प्रत्येक फोटोतल्या जवळजवळ प्रत्येक बिंदूची खोली काढली जाते, त्यातून दाट ठिपक्यांचा ढग बनतो आणि ढगावर त्रिकोणांची जाळी ताणली जाते. मेशरूम हे मुक्त सॉफ्टवेअर हे सगळं फुकटात करतं, मात्र चांगलं ग्राफिक कार्ड मागतं. एपिक गेम्सने २०२१ मध्ये विकत घेतलेलं आणि आता रिअ‍ॅलिटीस्कॅन नावाने मिळणारं सॉफ्टवेअर अधिक वेगवान आहे. वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असेल तर तेही फुकट. आपण त्यात आरामात बसतो.

सकाळी जातं तयार होतं, आणि ते बघताना अंगावर काटा आला. एकेक घाव, खाचेत अडकलेली धूळसुद्धा. ८० लाख त्रिकोण! बहुतेक लोक इथे खूश होऊन थांबतात. खरं तर गेमचं काम इथे सुरू होतं, आणि ते निम्म्याहून अधिक टाकून देण्याचं काम आहे.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात घर, झाडं, माणसं, सावल्या सगळं रंगवायचं. कोपऱ्यातल्या जात्यासाठी ८० लाख त्रिकोण कोण रंगवत बसणार? म्हणून ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच आकारावर नवी, सुटसुटीत जाळी बेततात. माझी ६ हजार त्रिकोणांत बसली. मग टाकीचे घाव गेले कुठे? ते एका चित्रात भरून ठेवायचे. या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात. दिसायला ते जांभळट निळं आणि विचित्र असतं, पण त्याच्या प्रत्येक बिंदूत एकच माहिती असते: इथे पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला होतं. गेम सपाट जागेवर प्रकाश टाकताना ती दिशा खरी मानतो आणि सपाट दगड खडबडीत दिसू लागतो. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या महालासारखंच हे, फरक एवढाच की दिवा हलवला की या महालाच्या सावल्याही हलतात. कडेने निरखून पाहिलं तर चोरी पकडली जाते. तिथे बाह्यरेषा गुळगुळीतच राहते.

हे चित्र मॉडेलवर चिकटवायचं तर आधी मॉडेल सपाट पसरावं लागतं. शिवलेलं झबलं उसवून तुकडे टेबलावर मांडावेत तसं. उसवायचं कुठे हे कौशल्याचं काम, कारण शिवण जिथे येईल तिथे रंगात बारीक रेघ दिसू शकते. जात्याची मी तळाशी आणि तोंडाच्या आत घेतली. चित्राचा आकारही फार वाढवून चालत नाही. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचं एकच रंगीत चित्र न आवळता ठेवलं तर सुमारे ६७ एमबी खातं.

एवढं करूनही माझं पहिलं जातं खोटंच दिसत होतं आणि कारण सापडायला दोन दिवस गेले. फोटो दुपारी चारला काढले होते. पडवीत डावीकडून ऊन येत होतं, म्हणून प्रत्येक घावाच्या एका कडेला सावली होती आणि ती सावली रंगाबरोबर दगडात छापली गेली होती. गेममध्ये सूर्य उजवीकडे. एकाच दगडावर दोन सूर्यांच्या सावल्या पडल्या की बघणाऱ्याला नेमकं काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण डोळा बिचकतो. सावली पुसणारी सॉफ्टवेअरं आहेत, तरी सगळ्यात स्वस्त उपाय आभाळाकडे असतो. ढग दाटलेले असावेत, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा येतो. पाऊस मात्र सुरू झालेला नसावा, कारण ओला कातळ काळाभोर आणि चकचकीत होतो आणि पुन्हा तांब्याचीच गत. दुसऱ्या खेपेला मृगाच्या आधी, आभाळ आलेल्या दोन तासांत मी सगळं उरकलं.

मोठ्या कंपन्याही याच गोष्टींशी झगडतात, फक्त त्यांचं जातं मोठं असतं. २०१४ मध्ये ‘द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर’ हा गेम आला तेव्हा त्यातले दगड आणि भिंती बघून लोक चक्रावले. तो ‘द अ‍ॅस्ट्रोनॉट्स’ या पोलंडमधल्या छोट्या चमूने केला होता. गोष्ट घडते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, पण त्यातलं धरण मात्र पोलंडमधल्या पिल्खोवित्सेच्या धरणावरून घेतलेलं. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ गेमसाठी डाइस या स्वीडिश कंपनीची माणसं आइसलँडचे लाव्हाचे दगड आणि कॅलिफोर्नियातली रेडवूडची जंगलं टिपत हिंडली. शिवाय चित्रपटांत वापरलेल्या मूळ वस्तूंचेही फोटो त्यांनी काढले.

२०२२ मध्ये आलेल्या अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या नॅनाइट या सोयीने त्रिकोण कमी करण्याची कटकट बरीच हलकी केली. ती जाळीचे छोटे छोटे गठ्ठे करते आणि स्क्रीनवर दिसतील तेवढेच त्रिकोण रंगवते. तरी डिस्कवरची जागा लागतेच, आणि साध्या फोनवर जुनीच रीत चालते. अलीकडे गॉशियन स्प्लॅटिंगची हवा आहे. २०२३ पासून त्याने सगळ्यांना वेड लावलंय. तिथे त्रिकोणच नसतात, धूसर रंगीत ठिपक्यांचा ढग असतो. त्यात तांब्याची चकाकीसुद्धा सुरेख येते, पण त्यावर चेंडू टाकला तर आरपार जातो. आदळायला पृष्ठभागच नाही. माझं मत विचाराल तर बघायला स्प्लॅट, खेळायला जाळी.

जात्याचा खुंटा राहिलाच. दगड अप्रतिम आला आणि खुंट्याच्या जागी लोंबतं मेण. दोन-तीन पिढ्यांचे हात फिरून लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की टिपायला खूणच उरलेली नाही. तो मी हाताने बनवला, दहा मिनिटांत. पण चकाकीचं काय? फोटोंवरून रंग मिळतो, खडबडीतपणा मिळतो, कुठला भाग किती चमकतो हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते वेगळ्या नकाशात आपल्यालाच रंगवावं लागतं. म्हणून मी पडवीत जाऊन नुसतीच बसले आणि खुंटा नीट पाहिला. मुठीत येतो तेवढाच भाग तुकतुकीत, खाली दगडाजवळ लाकूड पांढुरकं आणि कोरडं.

शेवटचा धडा फिरवायला गेल्यावर मिळाला. कॅमेऱ्याने पाहिलं नाही ते सॉफ्टवेअरच्या लेखी नसतं. वरचा आणि खालचा दगड यांमधली फट फोटोंत आलीच नव्हती, त्यामुळे दोन्ही मिळून एकच ठोकळा झाला होता. मामा आणि मी मिळून वरचा दगड उचलून ओट्यावर आडवा ठेवला आणि त्याचे वेगळे ६० फोटो काढले. मग त्याचा फिरण्याचा आस बरोबर खिळ्याच्या मध्यावर आणला, कारण आधी तो लंगडत फिरत होता.

फिरायला लागलं तेव्हा मामीला बोलावलं. तिने चष्मा लावला, स्क्रीनवर बोटाने जातं दोन-तीनदा फिरवून पाहिलं, आवाज कुठाय म्हणाली. आवाज अजून घातला नव्हता.

“आणि खुंटा एवढा घट्ट बसवलास होय? आपला हलतो.”