क्षत्रप

प्राचीन इराणच्या अ‍ॅकिमेनिड साम्राज्यातील प्रांताधिपती. मूळ प्राचीन फार्सी शब्दाचा अर्थ ‘राज्याचा रक्षक’ असा असून ग्रीक लेखकांनी त्याचे ‘सत्रप’ केले. साम्राज्याचा संस्थापक सायरस याच्या काळापासून हे अधिकारी आढळतात; मात्र त्यांच्या कारभाराला घडी बसवली पहिल्या डरायसने (कारकीर्द इ. स. पू. ५२२–४८६). ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने डरायसच्या साम्राज्याचे २० करविभाग नोंदवले आहेत. त्यांत सर्वाधिक भरणा भारतीय प्रांताचा, ३६० टॅलेंट (प्राचीन वजनाचे एक माप) सुवर्णचूर्णाचा होता.

करवसुली, न्यायदान आणि सैन्यभरती क्षत्रपाच्या हाती असे. आशिया मायनरमधील सार्डिसहून साम्राज्याची राजधानी सूसापर्यंतच्या राजमार्गाला पायी तीन महिने लागत, त्यामुळे इतक्या दूरच्या माणसावर विसंबणे सम्राटाला परवडणारे नव्हते. म्हणून किल्ल्यांतील शिबंदीचे सरदार आणि क्षत्रपाच्या दरबारातील राजलेखक थेट सम्राटाला बांधील ठेवलेले असत. ही व्यवस्था कशी चाले, हे सार्डिसच्या ओरोइटीझच्या कथेतून फार चांगले कळते. हा क्षत्रप शिरजोर झाला, तेव्हा डरायसने फौज धाडली नाही. बागेयस नावाचा सरदार राजमुद्रेची काही पत्रे घेऊन गेला. राजलेखक एकेक पत्र वाचत गेला. पहारेकरी त्या पत्रांचा आदर करतात, हे पाहून बागेयसने ‘ओरोइटीझचा पहारा सोडा’ असे पत्र पुढे केले. त्यांनी भाले खाली ठेवले. अखेरच्या पत्रात ओरोइटीझला ठार करण्याची आज्ञा होती आणि ती तिथेच अमलात आली. ही हीरॉडोटसची हकिकत आहे. तिचे तपशील रंगवलेले असले, तरी लेखी हुकमाचा दरारा त्यातून खरा दिसतो.

पुढे हा दरारा ओसरला. पदे घराण्यांत चालू लागली आणि इ. स. पू. चौथ्या शतकात पश्चिमेकडील क्षत्रपांनी बंडे केली. आशिया मायनरमधील कॅरियाचा क्षत्रप मॉसोलस तर जवळजवळ राजाच होता. त्याची हॅलिकार्नेससची समाधी जगातील सात आश्चर्यांत गणली गेली. अलेक्झांडरने साम्राज्य जिंकले, पण हे पद मोडले नाही. बॅबिलोनवर त्याने मझायस या इराणी सरदारालाच नेमले.

भारतात ही पदवी शक राज्यकर्त्यांनी धारण केली. पश्चिम भारतातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याची दाने नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहेत. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे.