एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने पडलेलं विधेयक

५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत संस्थानिकांचे तनखे, म्हणजे संस्थानं विलीन केल्याबद्दल त्यांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम, बंद करणाऱ्या घटनादुरुस्ती विधेयकावर मतदान झालं. बाजूने १४९, विरोधात ७५. साधं विधेयक एवढ्या फरकाने सहज पास झालं असतं. हे पडलं.

राज्यघटनेच्या ३६८व्या कलमाने दुरुस्तीला दोन चाळण्या लावल्या आहेत. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूने हवेत. पहिली चाळण आरामात पार झाली. दुसरीत घोळ झाला. मत देणारे २२४, त्यांचे दोन तृतीयांश १४९.३३. सरकारकडे १४९!

गंमत अशी, की सरकारला आणखी एक मत मिळवायचीही गरज नव्हती. विरोधातला एखादा खासदार ऐन वेळी चहाला उठून गेला असता तरी भागलं असतं. २२३चे दोन तृतीयांश १४८.६७ होतात. जो मतच देत नाही तो या दुसऱ्या मोजणीतून गळतो आणि लागणारा आकडा खाली आणतो. पहिल्या मोजणीत मात्र गैरहजरी विरोधी मतासारखीच नडते.

लोकसभेने हे विधेयक आधीच मंजूर केलं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत वेगवेगळी पास व्हावी लागते. साध्या विधेयकासारखी संयुक्त बैठकीची, म्हणजे दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून मतदान करण्याची, पळवाट इथे नाही.

सरकारने दुसरी वाट धरली. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यताच, आणि तिच्यासोबत तनख्याचा हक्क, काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द झाला. मग १९७१ची निवडणूक, इंदिरा गांधींना दणदणीत बहुमत, आणि वर्षअखेर २६वी घटनादुरुस्ती. तनखे संपले. पडलेल्या विधेयकाचा २४ हा क्रमांक तोवर दुसऱ्याच दुरुस्तीने घेतला होता. राष्ट्रपतींना घटनादुरुस्तीवर सही करावीच लागेल, हे तिने पक्कं केलं.

तनख्यांसाठी राज्यांना विचारावं लागलं नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्यांमधली अधिकारांची वाटणी अशा विषयांत मात्र किमान निम्म्या विधानमंडळांची संमती लागते. २०१६च्या जीएसटी दुरुस्तीला ती घ्यावी लागली. उलट, १९६०मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या साध्या बहुमताच्या कायद्याने. राज्याचा नकाशा बदलणं तनखे बंद करण्यापेक्षा सोपं, हे मला अजूनही जरा विचित्र वाटतं.

सगळी मतं जुळली तरी एक कुंपण उरतंच. १९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने ठरवलं, की संसदेला घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिचा गाभा, मोडता येणार नाही. कुरुंदवाड आणि म्हैसूरच्या राजघराण्यांनी २६व्या दुरुस्तीला दिलेलं आव्हान याच कसोटीवर तपासलं गेलं. निकाल लागला १९९३मध्ये. कोर्टाने दुरुस्ती कायम ठेवली. तनखे हा त्या चौकटीचा भाग नव्हता.