सालीखालच्या किडीचा शिकारी: पार्श्वभूमी

चाकण-तळेगावच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं येतात ती बरेचदा पाइन नाहीतर स्प्रूसच्या फळ्यांच्या खोक्यांतून. फळीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि ‘एचटी’ अशी अक्षरं डागलेली असतात. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय, असा त्याचा अर्थ. लाकडातून किडी देशोदेशी पोचतात, म्हणून २००२ मध्ये हा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. साल पोखरणारे भुंगेरे हे अशा प्रवाशांपैकीच.

पुण्याला त्यांच्यापासून थेट धोका नाही, कारण आपल्याकडे सूचिपर्णी जंगलच नाही. बंगल्यापुढे हौसेने लावलेली ‘ख्रिसमस ट्री’ तेवढी अपवाद. सुरूची झाडं पाइनसारखी दिसतात खरी, पण ती सूचिपर्णी नव्हेत. तरीही या भुंगेऱ्यांवर शिकारी कीटक सोडण्याचा इतिहास इथे सांगण्याजोगा आहे, कारण ‘मित्रकीटक आणून सोडा’ हा सल्ला आपल्या शेतकऱ्यांनाही नेहमी मिळतो आणि तो कधी फळतो, कधी फसतो.

युरोपातल्या स्प्रूसचा मोठा शत्रू म्हणजे इप्स टायपोग्राफस, जेमतेम पाच मिलिमीटरचा. निरोगी झाड त्याला राळेत बुडवून मारतं. दुष्काळाने सुकलेलं किंवा वादळात पडलेलं झाड मात्र हतबल असतं. पहिला नर भोक पाडून आत शिरला की गंध सोडतो, त्या गंधावर शेकडो भाईबंद जमतात आणि सालीखालच्या अन्नवाहिन्या कुरतडून झाड मारतात.

तोच गंध आणखी एकजण ओळखतो, थॅनासिमस फॉर्मिकॅरियस. डोकं काळं, छाती तांबडी, पंखांवर पांढरे पट्टे, लांबी सात ते दहा मिलिमीटर. चाल इतकी मुंगीसारखी की नवख्याने मुंगी समजून सोडून द्यावं. लिनियसने १७५८ मध्येच इप्ससोबत याचीही नोंद केली होती. प्रौढ शिकारी सालीवर दबा धरतो, उतरणाऱ्या भुंगेऱ्याला पायांत आवळतो आणि त्याचं कवच फोडून आतला मऊ भाग खातो. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या गुलाबी अळ्या बोगद्यांत शिरून भुंगेऱ्यांच्या अळ्या फस्त करतात.

या शिकाऱ्याला समुद्रापार नेण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा पिठ्या ढेकणाच्या एका जातभाईपासून वाचवल्या होत्या, आणि कीटकतज्ज्ञांचा उत्साह शिगेला पोचला होता. वेस्ट व्हर्जिनियात तेव्हा ‘सदर्न पाइन बीटल’ या साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने पाइनची जंगलं वाळवायला घेतली होती. कीटकतज्ज्ञ ॲण्ड्र्यू डेल्मर हॉपकिन्स १८९२ मध्ये जर्मनीला गेले आणि हजाराहून जास्त जिवंत थॅनासिमस घेऊन परतले. ते जंगलात सोडले गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात अशी कडाक्याची थंडी पडली की शत्रूच जवळपास नाहीसा झाला. पाहुणा शिकारीही पुन्हा दिसला नाही.

सगळा दोष थंडीच्या माथी मारावा असं मला वाटत नाही. अमेरिकेच्या पाइनवर त्याचाच चुलतभाऊ, थॅनासिमस ड्युबियस, आधीपासून हेच काम करत होता. भरल्या घरात आणखी एक पाहुणा आणून काय साधणार होतं?

याउलट कथा रायझोफॅगस ग्रँडिसची. हा तपकिरी, दिसायला अगदी साधा भुंगेरा. त्याचं भक्ष्य एकच म्हणावं असं: डेंड्रोक्टोनस मायकन्स, स्प्रूसची साल पोखरणारा आणखी एक भुंगेरा. ही कीड पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत राहिली. सोव्हिएत जॉर्जियातल्या बोर्जोमीच्या जंगलात ती पोचली तेव्हा १९६०च्या दशकात हा शिकारी तिच्या मागे आणून सोडला गेला. १९८२ मध्ये ती ब्रिटनमध्ये सापडली. लाकडातून आली असावी, पण तिचा वैरी मागेच राहिला होता. ब्रिटनच्या वन विभागाने बेल्जियममधून रायझोफॅगस आणले, ओंडक्यांवर त्यांची पैदास केली आणि १९८४ पासून ते सोडायला सुरुवात केली. ते रुजले, पसरले, कीड आटोक्यात राहिली. मायकन्सच्या अळ्या सालीखाली घोळक्याने जेवतात. त्यांच्या विष्ठेमिश्रित भुशाचा वास लागला की रायझोफॅगस दुरूनही माग काढत येतो, आणि शिकार विरळ असली तरी तिला गाठतो. हावरटापेक्षा हेकट शिकारी उपयोगी पडला.

आपल्या अनुभवातही बाहेरून आणलेले आणि मुळात इथलेच, असे दोन्ही प्रकारचे मित्रकीटक आहेत. १९५०च्या दशकात पुण्यात गाजरगवताची नोंद झाली. त्यावरचे ‘मेक्सिकन भुंगेरे’ १९८४ मध्ये बंगळुरूच्या परिसरात सोडले गेले. ते शिकारी नव्हेत, पण आपल्या एका खाद्याला धरून राहणारे आहेत. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा पसरला तेव्हा कामाला आले ते डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक, इथलेच. त्यांना जपायचं तर फवारणी आवरती घ्यावी लागली. ऊस उत्पादकांना हे पटवणं सोपं नव्हतं, हे त्या काळी खेड्यापाड्यांत फिरलेला कुणीही सांगेल.

थॅनासिमस मात्र घरच्या युरोपातही स्प्रूसला पुरा पडत नाही. याचं कारण सालीत आहे. त्याच्या अळीला कोष करायला जाड साल लागते. पाइनच्या बुंध्यावर ती मिळते, स्प्रूसची साल पातळ. म्हणून स्प्रूसवर पोटभर जेवलेल्या अळ्या झाड सोडून जातात आणि पुढची पिढी तिथे कमी निपजते. १९९९च्या मोठ्या वादळांनंतर फ्रान्समध्ये केलेल्या पाहणीत, जंगलात पाइन मिसळलेलं असेल तिथे इप्सच्या तुलनेत शिकाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. लाकडाच्या हव्यासापोटी मैलोन् मैल नुसता स्प्रूस लावणाऱ्यांनी शिकाऱ्याची शेज आधीच काढून घेतली होती. २०१८ च्या दुष्काळानंतर चेकियात आणि जर्मनीत इप्सने जी जंगलं उभी वाळवली, त्यांत अशा एकसुरी लागवडीचा वाटा मोठा होता.

वन खात्यांची तातडीची कृती म्हणजे लागण झालेली झाडं तोडून हलवणं. भुंगेरे आत असताना ती योग्यच. पण थॅनासिमसची वाढ सावकाश होते. इप्स उडून गेल्यानंतरही शिकाऱ्याच्या अळ्या त्या वाळक्या झाडातच राहतात. त्या वेळी कुऱ्हाड चालवली तर मरतो तो फक्त शिकारी. म्हणून भुंगेरे निघून गेलेली झाडं उभीच ठेवा, असा आग्रह कीटकशास्त्रज्ञ धरतात. वाळकं लाकूड विकून थोडे तरी पैसे सुटावेत असं वाटणाऱ्या मालकांना ते मान्य होत नाही.