432 हर्ट्झचा फॉरवर्ड आणि ऑर्केस्ट्राचा खरा सूर

"ऑर्केस्ट्राचा सूर आधी निसर्गाशी जुळणारा 432 हर्ट्झ होता, नाझींनी तो 440 केला" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. वाचताना पटतो, पण जरा तारखा लावून बघूया. जर्मनीतल्या श्टुटगार्टला 440 ची शिफारस झाली 1834 मध्ये, म्हणजे नाझी यायच्या जवळपास 100 वर्षं आधी. 1885 च्या व्हिएन्ना परिषदेत ठरला 435, म्हणजे 432 तिथेही नाहीच. 440 वर देशांचं एकमत झालं 1939 ला, तेही लंडनमध्ये.

आता "नैसर्गिक"चं बघा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद तर माणसानेच ठरवलाय, तो थोडा लहान धरला असता तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता ना!

स्वतः तपासायचं तर फोनवर ट्यूनर अ‍ॅप उघडा आणि एखाद्या ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टचा व्हिडिओ लावा, सुरुवातीला ओबो (फुंकून वाजवायचं एक वाद्य) एक लांब सूर धरतो, बाकीचे त्याला जुळवून घेतात, तेवढ्यात आकडा बघायचा. साधारण 440 ते 443 च्या आसपास दिसेल, हॉल तापला की फुंकून वाजवायची वाद्यं आणखी थोडी चढतात.

आपल्याकडे तर गायक गळ्याप्रमाणे सा धरतो, कोणाचा पेटीची काळी एक, कोणाचा काळी चार.