मानवत प्रकरण: व्याख्यानाआधी थोडी पार्श्वभूमी

विरंगुळा केंद्रातली व्याख्यानं एरवी गुडघेदुखी, मृत्युपत्र नाहीतर ज्ञानेश्वरीवर असतात. या वेळी विषय परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी झालेल्या हत्यांचा आहे. परभणीत सत्तरी ओलांडलेल्यांना हे प्रकरण नव्याने सांगायला नको. 2024 मध्ये त्यावर वेब मालिका आली, नातवंडं "आजोबा, हे खरंच झालं होतं का?" असं विचारू लागली, आणि व्याख्यानाची मागणी पुढे आली.

पहिला खून नोव्हेंबर 1972 चा. म्हणजे ऐन दुष्काळ. माणसं खडी फोडायला कामावर, दुपारी सुकडी, घरी मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी. आईबाप कामावर आणि पोरी एकट्या, हे तेव्हा घरोघर होतं. जानेवारी 1974 पर्यंत दहा जीव गेले: दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, चार बायका, एक तान्हं मूल. दिवस मावळला की कड्या लागायच्या. मुंबईहून तपास अधिकारी आले, तेव्हा कुठे धागा सापडला.

लोक अजून भांडतात ते पुढच्या भागावरून. खटल्यात अठरा आरोपी होते. पिंपळाखाली पुरलेल्या गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून हे बळी दिले, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. ज्यांच्यासाठी हे झालं असा आरोप होता, ते एक माजी नगराध्यक्ष आणि त्यांच्यासोबत राहणारी बाई. परभणीच्या सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने सोडलं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांची सुटका कायम राहिली, आणि हाताखालच्या काहींची फाशीही. "मोठे सुटले, गरीब लटकले" हे वाक्य पारावर आजही ऐकू येतं.

राग समजतो, पण निकाल वाचला तर एवढं सोपं राहत नाही. दोघांविरुद्धचा भार मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवर होता. स्वतः गुन्ह्यात असलेला माणूस जीव वाचवायला बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुरावा हवा, आणि तोही प्रत्येक आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा. खून कसा झाला हे त्याने बरोबर सांगितलं, म्हणून करवून कोणी घेतला हेही खरं ठरत नाही. माझ्या मते न्यायालयाचं चुकलं नाही. शिक्षेआधी आरोपीचं म्हणणं ऐकण्याची नवी तरतूद 1974 पासून लागू झालेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली होती; ती पाळली गेली नसेल तर वरचं न्यायालय ऐकून घेऊ शकतं, हेही याच निकालात आहे. वकील मंडळी हा निकाल आजही दाखवतात.

जादूटोणाविरोधी कायदा यायला 2013 उजाडलं. त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि नरबळी दोन्ही आहेत, शिवाय आपल्याकडची भानामतीही. जुलै 2024 पासून पुरावा कायदाही बदलला. साथीदाराच्या एकट्या, आधार नसलेल्या साक्षीवरची शिक्षाही बेकायदा नाही, असं जुनं कलम म्हणायचं; नव्यात साक्षीला पुष्टी हवी असं सरळच लिहिलंय.

मालिकेवरचे प्रश्न मात्र शेवटी घ्यावेत, नाहीतर गाडी निकालापर्यंत पोहोचायचीच नाही.